ध्रुव वाढले म्हणून समता येते का?

जग आता बहुध्रुवीय होत आहे, अमेरिकेची दादागिरी संपणार, म्हणजेच दुबळ्या देशांना न्याय मिळणार, असे आमचे अनेक तरुण मित्र हल्ली म्हणतात. हा निष्कर्ष आम्हाला घाईचा वाटतो.

ध्रुवीयतेचा सिद्धांत मुळात मोजतो काय? बड्या सत्तांची संख्या. केनेथ वॉल्ट्झ म्हणतात, महासत्ता दोनच असल्या की जग स्थिर राहते, कारण एकमेकींच्या ताकदीचा अंदाज चुकत नाही. कार्ल डॉइच आणि डेव्हिड सिंगर यांनी १९६४ मध्ये उलट मांडणी केली: सत्ता अनेक असल्या की लक्ष विभागले जाते आणि वैर टोकाला जात नाही. विल्यम वोलफोर्थ यांनी १९९९ मध्ये एकध्रुवीय जगच स्थिर असल्याचा दावा केला. उत्तरे वेगवेगळी, पण प्रश्न एकच: बडे आपसांत लढतील का? आमचा प्रश्न वेगळा आहे. ही स्थिरता कोणासाठी?

शीतयुद्धात दोन महासत्ता थेट लढल्या नाहीत. पण कोरिया आणि व्हिएतनाममध्ये लाखो माणसे मेली, १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले. एकध्रुवीय काळात, २००३ मध्ये, सुरक्षा परिषदेची मंजुरी नसताना इराकवर हल्ला झाला. आणि बहुध्रुवीय काळात? १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत १४ देशांनी आफ्रिका बळकावण्याचे नियम ठरवले. तिथे आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता.

अनेक ध्रुव असले की लहान देशांना घासाघीस करता येते, हे आम्ही मान्य करतो. गावात एका सावकारापेक्षा तीन बरे. पण सावकार वाढले म्हणून सावकारी संपत नाही.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्यात मधल्या पायरीवरचा वरच्याविरुद्ध तक्रार करतो, पण खालच्यावरचा हक्क सोडत नाही. राष्ट्रे म्हणजे जाती नव्हेत, तरी ही नजर इथे उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, नकाराधिकार मात्र पाचांनाच. भारतासह जे देश तिथे कायमची जागा मागतात, त्यांना विचारा: तुम्हाला वरची पायरी हवी आहे, की जिनाच नको आहे?

सत्तेचा समतोल म्हणजे समता नव्हे. म्हणून मित्रांनो, ध्रुव मोजण्याआधी टेबलाबाहेर कोणाला ठेवले आहे, ते मोजा.