डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर?

‘अगं, आपलं दुकान कुठं गेलं?’

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीहून मावशीचा फोन आला, तेव्हा मला आधी काही कळेचना. दुकान म्हणजे तिची वेबसाइट. मावशी फराळाचा व्यवसाय करते आणि दिवाळीच्या आधी तिच्या चकल्या, अनारसे, लाडू परदेशात जातात. न्यू जर्सीच्या एका काकूंनी तिला कळवलं होतं की साइट उघडली तर भलत्याच जाहिराती दिसतायत आणि ऑर्डरची मेलही परत आली. मी लॅपटॉप उघडून बघितलं. डोमेनची मुदत संपून ५० दिवस झाले होते.

चूक कुणाची? सरळ सांगते, माझी. थर्ड इयरला असताना मीच हौसेनं ते डोमेन घेऊन दिलं होतं. ‘पहिलं वर्ष फक्त ९९ रुपये’ अशी जाहिरात दिसली, घेतलं. ईमेल कुठला दिला? कॉलेजचा. नाव? माझं. पास आउट झाल्यावर कॉलेजनं तो ईमेल बंद केला आणि मुदत संपल्याच्या सगळ्या सूचना त्या बंद खात्यावर जात राहिल्या. कंपनीच्या चॅटवर एक बॉट तेच तेच उत्तर देत होता. ओळखपत्र, जुनी पावती, अर्ज असं सगळं पाठवून नाव परत मिळवायला सहा दिवस गेले आणि आठ हजारांच्या वर पैसे. फराळाच्या सीझनमधले ते सहा दिवस मावशीला किती महाग पडले, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली, ‘म्हणजे इतकी वर्षं माझं दुकान तुझ्या नावावर होतं होय गं?’

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख. आपल्यातले कितीतरी जण आता कुणाच्या तरी वेबसाइटचं ‘बघतात’. मित्राचं स्टार्टअप, बाबांचं दुकान, कॉलेजचा फेस्ट, ट्रेकिंगचा ग्रुप. टेम्प्लेट कुठलं, रंग कुठला यावर आपण तासन्‌तास घालवतो. डोमेन कुणाकडून घ्यायचं हे मात्र पाच मिनिटांत ठरतं आणि ठरतं ते जाहिरातीतल्या आकड्यावर. माझं म्हणणं असं आहे की रजिस्ट्रार निवडताना आत शिरायला किती पैसे लागतात ते शेवटी बघा. आधी बघा की तिथून बाहेर पडता येतं का आणि नाव नक्की कुणाचं राहतं.

मुळात डोमेन आपण विकत घेतच नाही. ते भाड्यानं मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. पुण्यात फ्लॅट घेताना असतो ना ११ महिन्यांचा करार, तसंच काहीसं. सगळ्या ‘डॉट कॉम’ नावांची मूळ वही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते. ‘डॉट इन’ची वही आपल्याकडच्या निक्सी या संस्थेकडे असते. आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार म्हणजे मधला एजंट. डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्याला आयकॅनची मान्यता लागते, डॉट इनसाठी निक्सीची. १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था या सगळ्या नावांची व्यवस्था बघते. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारच्या याद्या या दोन्ही संस्थांच्या साइटवर आहेत. यादीत नाव नसलेला विक्रेता फसवाच असतो असं नाही, बरेच जण एखाद्या रजिस्ट्रारचे रिसेलर असतात. पण मग तुमचा खरा रजिस्ट्रार कोण हे माहीत हवं. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकलं की रजिस्ट्रारचं नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही दिसतात.

आता ते ९९ रुपये. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमचा ठोक दर १० डॉलर २६ सेंट झाला. म्हणजे रजिस्ट्रारलाच एक नाव वर्षाला आठशे रुपयांच्या वर पडतं. ते तो तुम्हाला ९९ ला देतोय, तर उरलेले पैसे कुठून तरी वसूल करणारच. दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणातून, नको असलेल्या ॲड-ऑनमधून किंवा मुदत संपल्यावरच्या दंडातून. यात बेकायदा काही नाही. आयकॅनचा नियम असा आहे की नूतनीकरणाची आणि मुदतीनंतर नाव सोडवण्याची फी रजिस्ट्रारनं आपल्या वेबसाइटवर स्पष्ट दाखवली पाहिजे. ती दाखवलेली असते. आपणच खाली स्क्रोल करत नाही. मीही केलं नव्हतं. त्यामुळे तुलना करायची तर दुसऱ्या वर्षाच्या दराची करा आणि त्यात १८ टक्के जीएसटी मिळवून करा.

मुदत संपल्यावर काय होतं हेही आधी समजून घ्या. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नाव धरून ठेवू शकतो. या काळात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं, पण सगळीकडे पूर्ण ४५ दिवस मिळतीलच असं नाही. रजिस्ट्रारनं नाव सोडून दिलं की पुढचे ३० दिवस ते जबर फी भरूनच सोडवता येतं. आम्ही नेमके इथं सापडलो. त्यानंतर पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि मग नाव खुलं होतं. जो आधी घेईल त्याचं. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९९९ च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’चं नूतनीकरण विसरली आणि लोकांचं हॉटमेल उघडेना. शेवटी कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. मावशीसाठी असा कुणी धावून आला नाही.

‘मग ऑटो-रिन्यू चालू ठेव ना,’ असं माझा एक मित्र म्हणाला. ठेवाच, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर ई-मँडेट नोंदवावा लागतो आणि २४ तास आधी सूचना यावी लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे ही सोय नसेल तर वेबसाइटवर ऑटो-रिन्यू हिरवं दिसेल आणि पैसे मात्र कापले जाणार नाहीत. यूपीआयनं पैसे घेणारा, रुपयात बिल देणारा रजिस्ट्रार आपल्यासाठी म्हणूनच सोयीचा. थोडा महाग असला तरी.

आणि बाहेर पडण्याचा रस्ता. मोबाइल नंबर पोर्ट करताना जसा कोड येतो, तसाच डोमेन हलवायलाही एक कोड लागतो. आयकॅनच्या नियमानुसार तो मागितल्यापासून पाच दिवसांत मिळायला हवा. नवीन घेतलेलं नाव पहिले ६० दिवस हलवता येत नाही, पण पुढे कुणी विनाकारण अडवू शकत नाही. चांगला रजिस्ट्रार हा कोड खात्यातच एका क्लिकवर देतो. वाईट रजिस्ट्रार आधी कस्टमर केअरला फोन करायला लावतो आणि मग तीन वेळा विचारतो, का जाताय? डोमेन घेण्याआधी त्याच्या हेल्प पेजवर ट्रान्सफरची माहिती शोधून बघा. ती सापडायला जितका वेळ लागेल, तितकंच पुढचं काम अवघड आहे असं समजा.

कुणी म्हणेल, मोठ्या कंपनीकडून घेतलं की झालं, एवढी चौकशी कशाला? गूगलपेक्षा मोठं नाव कुठलं? पण २०२३ मध्ये गूगलनं आपला डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकून टाकला आणि ग्राहक आपोआप दुसऱ्याच्या दारात गेले. त्याआधी २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय या कंपनीची मान्यता आयकॅननं काढून घेतली, तेव्हा तिच्याकडची लाखो नावं गोडॅडीकडे सोपवावी लागली. रजिस्ट्रार येतील, जातील, विकले जातील. आपल्या हातात एवढंच आहे की नाव आपल्या नावावर असावं आणि कोड मागितला की मिळावा.

वेबसाइट करून देणाऱ्या मित्रांनाही एक सांगायचंय, कारण मी तुमच्यातलीच आहे. ‘सगळं मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ हे आपलं आवडतं वाक्य. त्यात प्रेम असतं, थोडा रुबाबही असतो. पण उद्या आपली नोकरी बदलते, शहर बदलतं, नंबर बदलतो आणि समोरच्याच्या दुकानाची किल्ली आपल्या एखाद्या बंद मेलबॉक्समध्ये पडून राहते. खातं त्यांच्याच ईमेलवर, त्यांच्याच नावावर उघडून द्या. टू-फॅक्टर त्यांच्याच फोनवर लावा. पंधरा मिनिटं जास्त जातील, शिकवावं लागेल. शिकवा. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडलं की खात्यात शिरायची वाटही बंद होते.

आम्ही आता मावशीचं डोमेन दुसरीकडे हलवलंय. दर थोडा जास्त आहे, पण फोनवर माणूस बोलतो. खातं तिच्या नावावर आहे, पासवर्ड तिनं डब्यांच्या कपाटात आतून लिहून ठेवलाय (मी काही बोलले नाही) आणि मुदतीची तारीख नवीन कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनानं गोल करून ठेवलीय. महिनाभर आधी तीच मला फोन करणार आहे. तुमच्या घरच्या, मित्राच्या, कट्ट्यावरच्या ग्रुपच्या वेबसाइटचं नाव आज लुकअपमध्ये टाकून बघा. तारीख दिसेल. मग खात्यात शिरून बघा, नाव आणि ईमेल कुणाचा आहे. तुमचा निघाला आणि दुकान दुसऱ्याचं असेल, तर या रविवारचं काम ठरलं.