पत्ता यंत्राचा, चूक माणसाची

ईमेल लिहायला घेतलं आणि पत्त्याच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली, की खाली नावांची यादी उघडते. तिला 'सूचना' म्हणतात. माझ्या मते हे नावच फसवं आहे. सूचना देणाऱ्याला काहीतरी ठाऊक असावं लागतं. या यादीला ठाऊक असतं ते एवढंच, की तुम्ही पूर्वी कधीतरी या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं. तो माणूस अजून तिथे आहे का, त्याने नोकरी बदलली का, तो हयात तरी आहे का, याची तिला गंधवार्ता नसते.

शिवाय ही यादी म्हणजे तुमची पत्त्यांची वही नव्हे. वही तुम्ही भरता. ही यादी प्रोग्रॅम परस्पर भरतो. आउटलुक २००७ पर्यंत ती एनके२ नावाच्या वेगळ्या फायलीत ठेवत असे, पुढे ती मेलबॉक्समध्येच गेली. थंडरबर्ड 'कलेक्टेड अॅड्रेसेस'मध्ये पत्ते गोळा करतो, जीमेल 'अदर कॉन्टॅक्ट्स'मध्ये, अॅपलचा मेल 'प्रीव्हियस रेसिपियंट्स'मध्ये. नावं वेगळी, खोड एकच: वहीतला पत्ता दुरुस्त केला, तरी या दुसऱ्या यादीतला जुना पत्ता जाईलच असं नाही.

माझी मावसबहीण अशा बाबतीत काटेकोर. मी नोकरी सोडली त्याच आठवड्यात तिने वहीतला माझा पत्ता बदलला होता. दोन वर्षांनी मावशीच्या बायोप्सीचा रिपोर्ट मला पाठवताना तिने माझं नाव टाइप केलं आणि वर आलेलं नाव निवडलं. नाव माझंच होतं. पत्ता मात्र जुन्या ऑफिसचा, आणि तिथली माझी टपाल तोवर माझ्या जागी आलेल्या माणसाकडे वळवलेली. त्या भल्या गृहस्थांनी नंबर शोधून मला फोन केला. ताईला घरात कोणी एका शब्दाने बोललं नाही, पण ती अजून स्वतःलाच दोष देते. मला राग येतो तो याचा.

कारण हा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारायची रीतच पडली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद झाली. तिच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातून ३१ नेत्यांचे पासपोर्ट क्रमांक, जन्मतारखा आणि व्हिसाचे तपशील एशियन कप फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांपैकी एकाला गेले. ओबामा, पुतिन, मर्केल, मोदी, सगळे त्यात होते. आउटलुकने आपणहून भरलेला पत्ता भलत्याच माणसाचा होता. खात्याने कारण कळवलं ते मानवी चुकीचं: कर्मचाऱ्याने पत्ता तपासला नाही. ज्यांची माहिती फुटली त्या नेत्यांना कळवायची गरजही खात्याला वाटली नाही; मार्च २०१५ मध्ये 'गार्डियन'ने बातमी दिली तेव्हा जगाला कळलं.

आता कोणी म्हणेल, पाठवण्याआधी पत्ता वाचायला काय होतं? वाचावा, जरूर वाचावा. पण निवडल्यानंतर बहुतेक प्रोग्रॅम पत्ता झाकून फक्त नाव दाखवतात. पूर्ण पत्ता लिहावा-वाचावा लागू नये म्हणूनच तर ही सोय दिली. मग ती वापरणाऱ्याने वाचलं नाही, हा त्याचा गुन्हा कसा?

उपाय अवघड आहेत असंही नाही. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली खाती दुसऱ्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा जुन्या मालकाची पत्रं नव्याच्या हाती पडतील ही भीती उभी राहिली. मग याहू आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी एक तोडगा लिहिला. तो २०१४ मध्ये आरएफसी ७२९३ म्हणून प्रसिद्ध झाला. अमुक तारखेपासून खातं त्याच माणसाकडे असेल तरच हे पत्र पोचव, असं पाठवणाऱ्याने पत्रातच सांगायचं. म्हणजे पत्ता शिळा होतो, हे या धंद्याला पक्कं ठाऊक आहे. आपल्या चौकटीपर्यंत ते शहाणपण आलेलं नाही, इतकंच.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सूचनेत नावासोबत पूर्ण पत्ता आणि शेवटचं पत्र कधी पाठवलं ते दिसावं. एकाच माणसाचे दोन पत्ते असतील तर वहीतला आधी यावा. आणि 'असा पत्ता अस्तित्वात नाही' असं उत्तर घेऊन पत्र परत आलं, तर प्रोग्रॅमने विचारावं, हा काढून टाकू का? परत आलेलं पत्र त्याच प्रोग्रॅममध्ये येऊन पडतं आणि उद्या तोच प्रोग्रॅम तोच पत्ता पुन्हा पुढे करतो. पोस्टमन असं वागला असता तर आपण पोस्टमास्तरांकडे तक्रार केली असती.

तोवर झाडू आपल्याच हाती आहे. आउटलुकमध्ये सूचनेशेजारच्या फुलीने नको तो पत्ता काढता येतो, अॅपलच्या मेलमध्ये 'विंडो' मेनूतून यादी उघडते, आणि जीमेलला आपणहून पत्ते साठवू नकोस असं सेटिंग्जमध्ये बजावता येतं. हे जरूर करा. पण दिवाळीच्या साफसफाईसारखं हे काम दरवर्षी आपल्याच गळ्यात का, हा प्रश्न कचरा करणाऱ्याला विचारणंही सोडू नका.