मालकाच्या हातातून सुटलेला पाना

रविवारी सकाळी पद्मिनी किंवा अँबॅसडरचे बॉनेट उघडून प्लग साफ करणारा, कार्बोरेटर उतरवून धुणारा हौशी गृहस्थ आता क्वचितच दिसतो. नव्या पिढीला हात काळे करण्याचा कंटाळा आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे. परंतु ते वस्तुस्थितीला धरून नाही.

प्रदूषणाचे नियम २००० सालापासून क्रमाक्रमाने कठोर होत गेले. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ लागू झाले. इंधनाचे प्रमाण संगणकाने क्षणोक्षणी ठरविल्याखेरीज हे निकष पाळणे अशक्यप्राय. कार्बोरेटर गेला तो यामुळे, आणि शहरांतील हवेचा विचार करता त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो ज्ञानाच्या मालकीचा. बिघाड शोधण्याची उपकरणे, सॉफ्टवेअर व सुटे भाग अधिकृत केंद्रांपुरते राखून ठेवावेत, असे प्रदूषणाचे नियम सांगत नाहीत. तो उत्पादकांचा व्यापारी निर्णय होय. अशाच व्यवहारांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार-उत्पादकांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समितीही नेमली. समितीवर न थांबता हा हक्क कायद्याने बंधनकारक झाला पाहिजे. हौशी मालकाचा छंद बुडाला, तर फारसे बिघडत नाही. पण त्याच्याबरोबर नाक्यावरच्या मेकॅनिकचा धंदा आणि ग्राहकाचे निवडीचे स्वातंत्र्यही बुडणार असेल, तर ती किंमत समाजाने का मोजावी?