दुरून तपासलेली वही

सन 2020 च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या आणि विद्यार्थ्यांच्या वह्या छायाचित्ररूपानें शिक्षकांच्या मोबाइलवर येऊं लागल्या. शाळा पुढें उघडल्या. पण गृहपाठ असा पाठविण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं राहिली आहे. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. दुरून शिकविणें ही नवलाई नव्हे. इंग्लंडांत 1840 सालीं स्वस्त टपाल सुरू झालें, त्या सुमारास आयझॅक पिटमन लघुलेखनाचे धडे पत्रानें देऊं लागले. विद्यार्थी शास्त्रवचनें लघुलिपींत उतरवून धाडीत आणि तीं दुरुस्त होऊन परत येत. त्या शिक्षणाचा जीव त्या परत येणाऱ्या कागदांत होता.

आज परत काय जातें? बहुधा अंगठ्याचें एक चित्र, किंवा 'छान'. एखाद्या मुलानें एक द्वितीयांश व एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी केली, तर लाल फुली पाठवून शिक्षकाचें काम संपलें असें आम्हांस वाटत नाहीं. वर्गांत त्या मुलाच्या कपाळावरची आठी दिसते. पडद्यावर ती दिसत नाहीं, म्हणून तेथें शब्द अधिक नेमके हवेत. 'दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी. मग अर्ध्यांत भर घातल्यावर उत्तर कमी कसें झालें?' एवढेंच लिहावें, उत्तर सांगूं नये, आणि तेंच गणित दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागवावें. आठ दिवसांनीं गेलेला शेरा कितीही विद्वत्तापूर्ण असो, मूल तोंवर पुढच्या प्रकरणांत गेलेलें असतें. साठ मुलांस रोज असें लिहिणें अशक्य, हें आम्ही जाणतों. पण रोज दहा वह्यांस नीट लिहिलें तर आठवड्यांत सर्वांची पाळी येते.

गुणांविषयींचें आमचें मत पालकांस कदाचित् रुचणार नाहीं. रूथ बटलर या विदुषींनीं इस्राएलांतील शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग 1988 सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांस केवळ शेरे मिळाले त्यांचें काम सुधारलें. ज्यांस शेऱ्याबरोबर गुणही मिळाले त्यांचें सुधारलें नाहीं. नजर आंकड्यावर गेली कीं शेरा कोण वाचतो? म्हणून दुरुस्त काम परत येईपर्यंत गुण कळवूं नयेत, असें आम्ही म्हणतों.

आणखी एक विनंति. पुष्कळ घरीं छायाचित्र पाठविण्यापूर्वीं आईवडील चूक खोडून बरोबर उत्तर लिहवून घेतात. हेतु प्रेमळ खरा. परंतु त्यायोगें मुलाचें कोठें अडलें हें शिक्षकास कळत नाहीं, आणि आमचा शेरा पालकांच्या गणितास मिळतो. तेव्हां खोडरबर दप्तरांतच राहूं द्यावें. आणि मुलांनो, चुकलेली ओळ तशीच पाठवा.