वाखाणणे म्हणजे उलगडून दाखवणे



स्वाध्यायात एखाद्या कवितेचे रसग्रहण लिहिताना 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'अत्यंत सुंदर' ही विशेषणे आपल्या लेखणीतून सहज उतरतात. दिवसभराचे काम आटोपून रात्री अभ्यासाला बसल्यावर असे आयते शब्द सोयीचेही वाटतात. पण त्यांतून त्या कवितेविषयी नेमके काय कळते? माझ्या मते, काहीच नाही; आणि याची साक्ष स्तुतिवाचक शब्दच देतात.

भरभरून स्तुती करणे या अर्थी इंग्रजीत 'एक्स्टॉल' हे क्रियापद आहे. ते लॅटिनमधून आले असून त्याचा मूळ अर्थ 'उंच उचलणे' असा आहे. ही कल्पना मराठीलाही परकी नाही. आपणही आवडत्या माणसाला 'डोक्यावर घेतो'. मात्र अशा उचलण्यातील धोका मराठीने ओळखला आहे. पोकळ स्तुतीला आपण 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' म्हणतो. ते झाड केवढे आणि ते कोणाचा भार पेलणार!

'वाखाणणे' या शब्दाची वाट मात्र वेगळी आहे. संस्कृत 'व्याख्यान', प्राकृत 'वक्खाण' आणि त्यावरून मराठी 'वाखाण'. व्याख्यान म्हणजे अर्थ उलगडून सांगणे. म्हणजे ज्याचे गुण उलगडून दाखवता येतात, तेच वाखाणले जाते. 'तारीफ' या शब्दाचीही गोष्ट अशीच आहे. अरबीत त्याच्या मुळाशी 'जाणणे' हा अर्थ आहे. तारीफ म्हणजे ओळख करून देणे. उर्दूत आजही या शब्दाचे 'स्तुती' आणि 'व्याख्या' असे दोन्ही अर्थ आहेत. सिराज औरंगाबादी यांच्या या शहरात मराठी आणि उर्दू शेजारी नांदल्या. दोघींच्या या शब्दांनी स्तुतीची सांगड समजावून देण्याशी घातली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पाहा. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरवलेला, पाचव्या शतकातील संस्कृत पद्यलेख आहे. त्यात राजांचे पराक्रम देवांच्या तोडीचे ठरवले आहेत. अशी स्तुती कोणत्याही राजाला लावता आली असती. पण त्याच लेखात त्या लेण्याची दारे, खिडक्या, चित्रे आणि मूर्ती यांचेही वर्णन येते. ते वर्णन वाचून आजचा अभ्यासक प्रत्यक्ष लेण्याकडे पाहू शकतो, ताडून घेऊ शकतो. पहिली स्तुती केवळ उचलते, दुसरी दाखवते.

मुशायऱ्यात एखादा शेर ऐकताच तोंडून 'वाहवा' निघते, ती कारण विचारत नाही आणि विचारूही नये. रसिकतेचा आरंभ तिथेच होतो. मात्र समीक्षेचा आरंभ त्यापुढच्या प्रश्नापासून होतो: ही दाद का निघाली?

म्हणून पुढील स्वाध्याय लिहिताना प्रत्येक स्तुतिवाचक विशेषणापाशी क्षणभर थांबा. ते कोणत्या ओळीमुळे, कोणत्या प्रतिमेमुळे किंवा लयीमुळे सुचले, ते लिहा. कारण सापडले नाही, तर विशेषण खोडा. उरेल ते थोडके असेल. पण ते तुमचे स्वतःचे वाचन असेल.