पेटी चार महिने कुलपातच होती

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री, सैनिक कल्याण विभागाचे संचालक आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष या नात्याने सर्व जिल्हाधिकारी यांस,



आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गावाने वेशीपासून मिरवणूक काढली. उघडी जीप, हलगी, गुलाल, शाळेची पोरं दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभी. दारात औक्षण करताना त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. गावाचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे पत्र त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. तेव्हा आमच्या दारात कोणीच नव्हतं.

लग्नाला तेव्हा १४ वर्षं झाली होती. त्यातली अडीच वर्षं फॅमिली क्वार्टरमध्ये एकत्र गेली, बाकी सगळा संसार रजेवर. रजेवर आलेला माणूस घरात पाहुणा असतो. त्याच्यासाठी मटण, त्याच्यासाठी पुरणपोळी, त्याच्यापुढे कोणी रडगाणं गायचं नाही. जाताना स्टँडवर सोडून यायचं आणि परत पदर खोचायचा. त्यांना घराचं खरं रूप कधी दिसलंच नाही. तिकडचं काय ते मलाही कळलं नाही, कारण फोनवर दोघंही 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणायचो.

पेन्शनवर आल्यावर पंधरा दिवसांतली गोष्ट. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. बाराच्या सुमारास मी नेहमीसारखी बॅटरी घेऊन दारं धरायला निघाले. हे उठून बसले. "मी घरात असताना तू रात्रीची रानात जाणार?" बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि गेले. दोन वाजले तरी पत्ता नाही म्हणून मी मागोमाग गेले, तर हे बांधावर उभे आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात चाललेलं. कुठल्या सरीचं दार मोडायचं, कुठलं बांधायचं, यांना ठाऊक नव्हतं. बर्फात रात्र-रात्र पहारा दिलेला माणूस स्वतःच्या रानात, गुडघाभर चिखलात, काही न सुचून उभा होता. मी खोरं घेतलं आणि दार बांधलं. माझ्या मनात काही नव्हतं. त्यांना ते फार लागलं. पुढचे आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

मुलगा तेव्हा सातवीत. हे समोर खुर्चीत बसलेले असताना तो प्रगतिपुस्तक माझ्याकडे घेऊन आला. पालकाच्या सहीच्या जागी पहिलीपासून माझीच सही, त्याचं काही चुकलं नाही. पण यांच्या हातातल्या पेपरचं पान त्यानंतर बराच वेळ उलटलं नाही.

आणि ती काळी पेटी. पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव लिहिलेली. पलंगाशेजारी चार महिने कुलपातच होती. कपडे कपाटात लावूया, असं मी दोनदा म्हटलं. "असू दे" म्हणाले. एकदा कपाट झाडताना माझ्या लक्षात आलं, त्यांचे कपडे ठेवायला जागाच नाही. चारही कप्पे माझे आणि मुलांचे. इतक्या वर्षांत एक कप्पा मोकळा ठेवावा असं मला सुचलंच नव्हतं. त्या दिवशी मी कपाटासमोर बसून रडले.

या काळात आम्ही तुमच्या जिल्हा कार्यालयात तीनदा गेलो. माणसं वाईट नव्हती. ओळखपत्र, दवाखान्यासाठी ईसीएचएसचं कार्ड, माझ्या नावाची दुरुस्ती, सगळं झालं. तिसऱ्या खेपेला मी धीर करून विचारलं, "साहेब, यांना रात्रीची झोप नाही, घरात कोणाशी बोलत नाहीत, याचं काय करायचं?" ते म्हणाले, "सुरुवातीला होतं असं. कुठेतरी सिक्युरिटीला लावून द्या, मन रमेल." मी त्यांना दोष देत नाही. अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. गावाकडेही एकच औषध. "मेजर, बसायचं का?" कॅन्टीनच्या बाटलीसाठी दार वाजवणारे पुष्कळ होते.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. राज्याच्या गट क आणि ड च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत, घरपट्टीची माफी आहे, सुरक्षारक्षकाचं काम द्यायला मेस्को आहे. अपंग सैनिकांना हाताचं काम शिकवणारी क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ सालची आहे, आज ती खडकीत आहे. कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठीचं केंद्रही खडकीतच आहे. ज्याचं शरीर जखमी झालं, त्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी विचार केला. पण जो हातीपायी धड परत आला, त्याच्या घराचा विचार कोण करणार?

मनाच्या त्रासासाठी सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या ए.एफ.एम.सी. या फौजी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. चांगलीच गोष्ट आहे. पण जो माणूस बायकोला 'झोप येत नाही' म्हणत नाही, तो अनोळखी माणसाला फोन करून काय सांगणार?

आमच्याकडे बदल झाला तो योगायोगाने. शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार ट्रॅक्टर बघायला म्हणून आले होते. चहा पिता पिता त्यांनी यांना सरळ विचारलं, "किती रात्री झाल्या झोप नाही?" हे गप्प. मग सुभेदारांनी स्वतःचं सांगितलं. पेन्शनवर आल्यावर दोन वर्षं ते गोठ्यात झोपत होते. त्या दिवशी दोघं अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याच सोबत हे डॉक्टरकडे गेले. तोवर मी सांगून थकले होते.

म्हणून माझं मागणं योगायोगावर सोडू नका एवढंच आहे. तुमच्या जिल्हा कार्यालयांत कल्याण संघटक असतात, ते स्वतः फौजेतून आलेले असतात. त्यांना या कामाचं शिक्षण द्या आणि नव्याने पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाच्या घरी पहिल्या महिन्यात पाठवा, मग सहा महिन्यांनी पुन्हा. बरोबर एखादी फौजीचीच बायको असू द्या. ती चुलीपाशी बसून जे विचारेल, ते साहेबाला विचारता येणार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची गाठ त्यांनीच घालून द्यावी. आणि हे काम निवृत्तीच्या आधी सुरू करा. यांना शेवटच्या वर्षात नोकरीसाठी कोर्स मिळाला. मला कोणी एका कागदानेही सांगितलं नाही, की येणारा माणूस रजेवरच्या माणसापेक्षा वेगळा असेल.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतली मुलं चार वर्षांनी परततील. योजनेप्रमाणे त्यांतली फार तर पंचवीस टक्केच कायम होणार. बाकीच्यांना पेन्शन नाही आणि वय जेमतेम पंचविशीच्या आतबाहेर. त्यांच्या आयांकडे कोण जाणार, हेही आत्ताच ठरवायला हवं.

पुढच्या महिन्यात आमच्याच आळीतला एक जण पेन्शनवर येतो आहे. हलगीवाले कुठून आणले होते, हे विचारायला त्याची बायको काल आली होती. मी नंबर दिला. मग तिला बसवून घेतलं आणि सांगितलं, आधी कपाटातला एक कप्पा रिकामा कर, प्रगतिपुस्तकावर पुढची सही त्यांची घे, आणि पाण्याच्या पहिल्या पाळीला दोघं मिळून रानात जा. मला एवढंच सांगता आलं. तिच्याकडे तुमचं माणूस कोणत्या तारखेला येईल, ते कळवावं.

आपली,
एका निवृत्त हवालदाराची पत्नी