आत्याच्या ओव्या आणि माझा 'स्टुडिओ'

लोणावळ्यातल्या आमच्या घरात एक आठ बाय दहाची खोली आहे. बायको तिला अडगळीची खोली म्हणते, मी स्टुडिओ म्हणतो. आठवडाभर लोकांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं आणि शनिवारी या खोलीत बसून स्वतःचं बिघडवायचं, असा एकूण कार्यक्रम.

तर मंडळी, आज थोडं कबुलीजबाबासारखं लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि माइक घेऊन पवन मावळात आत्याकडे गेलो. आत्या ऐंशीच्या पुढची. हौसेने जात्यावर बसली आणि वीसेक मिनिटं ओव्या म्हणाली. मी स्क्रीनवर नाचणारी हिरवी रेघ बघत खूश! घरी येऊन ऐकलं, तर दर चार-पाच सेकंदांनी 'टिक', आणि मधेमधे अख्खे शब्द गायब.

कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मोबाईलचं हॉटस्पॉट चालू राहिलेलं, त्यावरून अपडेट उतरत होतं. ट्रॅकवर अकरा प्लगइन लटकवलेले. आणि बफर ठेवलेला 64 सॅम्पल्सवर, कारण कमी लेटन्सी म्हणजे भारी सेटअप, असं डोक्यात बसलेलं.

आता हा बफर म्हणजे काय? माइकमधून येणारा आवाज संगणक थोडा थोडा साठवून मग उचलतो, तो साठा. 48 किलोहर्ट्झला 64 सॅम्पल्स म्हणजे जेमतेम 1.3 मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला, तर तेवढा आवाज गेला. तो परत मिळत नाही. 1024 ठेवले तर 21 मिलिसेकंदांची सवड मिळते. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला हा उशीर खटकतो. पण आत्याने कुठे हेडफोन लावले होते? म्हणजे ज्याची गरजच नव्हती, त्यापायी गाणं घालवलं.

माझं मत आता ठाम झालंय. घरच्या रेकॉर्डिंगचा संगणक भारी असण्यापेक्षा बिनबोभाट असावा. एकदा नीट चालला की त्याला छेडू नये. रेकॉर्डिंगच्या आधी वाय-फाय बंद, अपडेट थांबवलेलं, स्लीप बंद, प्लगइन शून्य. अपडेट करूच नये असं नाही. ते काम नसलेल्या रविवारी करावं आणि मग पाच मिनिटं चाचणी घ्यावी. जुन्या घरात अर्थिंग धड नसेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवावं. पुष्कळदा गुणगुण जाते. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस.

इथली दमट हवा हा वेगळाच विषय. कंडेन्सर माइक ओल धरला की चरचरतो. मी माझा माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. जून ते सप्टेंबर संगणक आठवड्यातून एकदा तासभर तरी चालू करतो. स्वयंपाकघरातल्या पापडांची जेवढी काळजी घेतो, तेवढी पुरते.

आता कुणी म्हणेल, एका म्हातारीच्या ओव्यांसाठी एवढं? हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी 1980च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून सुरुवात करून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरातून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. पुढे 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस उभारला आणि सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण केलं. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या लोकांसमोर येताहेत. हिशेब केला, तर 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो अशा 120 तासांना लागतात साधारण 62 जीबी. आज हे सगळं खिशातल्या पेनड्राइव्हवर मावेल. म्हणजे आपल्याला साधनं कमी नाहीत. शिस्त कमी आहे.

आणखी एक गोष्ट मी अशीच हात पोळून शिकलो. त्या बिघडलेल्या फाइलमधून काही वाचतंय का बघायला नॉइज रिडक्शन लावलं. सॉफ्टवेअरला सलग चालणारा आवाज म्हणजे कचरा, म्हणून त्याने जात्याची घरघर पुसून टाकली! ओवी उरली, जातं गेलं. तेव्हापासून मूळ फाइलला हात लावत नाही; जे प्रयोग करायचे ते प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि गाणाऱ्याचं नाव. 'न्यू ट्रॅक 7' असं नाव ठेवणाऱ्याला दहा वर्षांनी शिव्या देणारे आपणच असतो.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. आत्याला आता जातं ओढवत नाही, दम लागतो. खाटेवर बसून म्हणाली. मी सगळं तपासत बसलो होतो, तर मलाच विचारते, "आरं, तुझं यंत्र तयार हाय का? मागल्या येळंला मी तयार व्हते, त्येच नव्हतं."

या वेळी होतं. अकरा मिनिटं, एकही टिक नाही. घरघर मात्र नाही.

तुमच्याही घरात कुणी गाणारं असेल, तर नवा माइक घेण्याआधी या शनिवारी आहे तोच संगणक नीट करा.